धूळपाटीपासून परिसर अभ्यासापर्यंत : मराठी प्राथमिक शाळेतल्या एका वर्षाचा इतिहास

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत मूल आज वर्षभरात मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास शिकते, शिवाय कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाचे तास असतात. हे विषय शाळेत एकाच वेळी आले नाहीत. गणित आणि लेखन सर्वांत जुने. भूगोल, इतिहास आणि व्याकरण एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकांबरोबर आले. हातकामाला मान मिळाला तो १९३७ नंतर, आणि पहिलीच्या वर्गात इंग्रजी पोचली ती २००० साली. एवढेच नव्हे, जूनमध्ये सुरू होऊन परीक्षेने संपणारे ‘वर्ष’ हे अभ्यासाचे मापही दोनशे वर्षांपूर्वी नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलुखात शिक्षण पंतोजींच्या हाती होते. शाळेला स्वतःची इमारत क्वचितच असे. देवळाची ओवरी, एखाद्या सावकाराची पडवी किंवा पंतोजीचे राहते घर एवढ्यावर भागे. सरकारी पगार नव्हता. मुलांच्या घरून येणारे धान्य, थोडे पैसे आणि सणावाराला मिळणारी दक्षिणा यांवर पंतोजीचा संसार चाले. मुंबई इलाख्यात १८२९ च्या सुमारास झालेल्या मोजणीत सुमारे १७०० शाळा आणि ३५ हजारांवर विद्यार्थी आढळले. ही कागदपत्रे रा. वि. परुळेकर यांनी पुढे १९४५ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली आणि त्यांतून त्या काळच्या शाळेचे चित्र बरेच स्पष्ट झाले. शाळेत येणारी मुले बहुतेक ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार अशा लिहिण्या-मोजण्यावर पोट असलेल्या घरांतली. मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना ओवरीची पायरीही चढता येत नव्हती. त्या शाळेचे गुण सांगताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

या शाळेत इयत्ता नव्हत्या. दसऱ्यासारख्या चांगल्या दिवशी मूल शाळेत घातले जाई, ओनामा गिरवला जाई आणि तिथून त्याची वाट स्वतंत्र सुरू होई. फळ्यावर पसरलेल्या धुळीत बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. अक्षर वळणावर आले की बोरू आणि कागद हाती येई. पंतोजीने घालून दिलेला कित्ता पुढे ठेवून वळण गिरवले जाई. एकाच ओवरीत कुणी मुळाक्षरे, कुणी बाराखडी, तर कुणी खत आणि कर्जरोखा लिहिण्याचा सराव करत असे. मोठी मुले लहानांना सांगत. एक टप्पा पक्का झाला की पुढचा, मग त्याला चार महिने लागोत की दोन वर्षे. छापील पुस्तक या शाळेत नव्हते. वाचायचे ते मोडी लिपीतले कागद, आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, येत असेल तर एखादी पोथी.

या शाळेचा प्राण होता तो तोंडी हिशेब. मुलांना संध्याकाळी उभे करून एका सुरात उजळणी म्हणवून घेत. पाढे साधारण तीसपर्यंत. त्यानंतर अपूर्णांकांचे पाढे : पावकी म्हणजे पावाचा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा. आजच्या वाचकाला हा निव्वळ घोकंपट्टीचा डोंगर वाटतो. पण त्या काळचे नाणे आणि मापे डोळ्यांपुढे आणली की त्याचे कारण कळते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. खंडीचे वीस मण, मणाचे चाळीस शेर. सारा व्यवहार निम्मा, पाव, निमपाव अशा तुकड्यांनी चाले. सव्वा रुपये मण भावाने सात मण ज्वारी घेतली तर सवायकीतले सातवे स्थान तोंडी आले की उत्तर हाताशी : पावणेनऊ रुपये, म्हणजे आठ रुपये बारा आणे. दीड रुपयाचा भाव असेल तर दिडकी, साडेदहा. कागद नको, पाटी नको. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला जेवढा वेळ असतो तेवढ्यात हिशेब झाला पाहिजे, हे या शिक्षणाचे उद्दिष्ट होते आणि ते पूर्ण होत असे. या गणितात सिद्धता नव्हती, कारणे सांगण्याची पद्धत नव्हती. तरीही मुलाच्या अभ्यासाचा आणि त्याच्या उद्याच्या कामाचा इतका थेट सांधा नंतरच्या कुठल्याही अभ्यासक्रमाला क्वचितच जुळवता आला.

पेशवाई बुडाल्यावर चार वर्षांनी, १८२२ मध्ये, गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने मुंबईत शाळा काढणारी आणि शाळापुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्विस तिचे चिटणीस, आणि एतद्देशीय बाजूने सदाशिव काशिनाथ छत्रे. जर्विस यांनी गणिताची पुस्तके मराठीत करवली. छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या कथा ही पुस्तके १८२८ मध्ये निघाली. संस्थेने तयार केलेले चोवीस शिक्षक १८२६ मध्ये दख्खन, कोकण आणि गुजरातेत पाठवले गेले. त्यांच्याबरोबर प्रथमच अशी शाळा गावोगाव गेली जिथे मुलाच्या हातात बाळबोधात छापलेले पुस्तक असे.

पुस्तकामुळे विषय वाढले. बाळशास्त्री जांभेकर यांनी भूगोल, व्याकरण, इतिहास अशा विषयांवर मुलांसाठी लिहिले. दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये निघाले आणि मराठी बोलणाऱ्या मुलाला स्वतःच्या भाषेचे नियम शिकवण्याची प्रथा रूढ झाली. ग्रँट डफच्या ग्रंथाचा मराठी अवतार ‘मराठ्यांची बखर’ हा इतिहासाच्या अभ्यासासाठी वापरला जाऊ लागला. मराठ्यांचा इतिहास मराठी मुले एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेने शिकू लागली, आणि त्या नजरेतल्या चुका काढण्याची चळवळ पुढे मराठी इतिहाससंशोधनाला कारणीभूत झाली.

या काळातला सर्वांत धाडसी प्रयत्न मात्र सरकारी नव्हता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पाठोपाठ मुलींसाठी आणखी शाळा झाल्या आणि अस्पृश्य मुलांसाठीही शाळा निघाल्या. अभ्यासक्रमाच्या इतिहासात या घटनेचे मोल असे की वाचन, लेखन आणि गणिताचा तोच अभ्यास ज्यांना ओवरीत जागा नव्हती त्यांच्यापर्यंत गेला. पुढे सरकारी मुलींच्या शाळांत शिवणकामाला वेगळे तास दिले गेले आणि मुलींचा अभ्यास सोपा असावा असा सूर १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगानेही लावला. फुल्यांची दृष्टी त्याहून कितीतरी मोकळी होती.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले. ‘इयत्ता’ आणि ‘वर्ष’ ही जोडी खऱ्या अर्थाने या खात्याने घडवली. शाळांना पैसे द्यायचे तर मोजदाद हवी, मोजदाद करायची तर सगळीकडे सारखा अभ्यास हवा, आणि अभ्यास सारखा हवा तर तो वर्षावर्षाच्या तुकड्यांत पाडायला हवा. पहिलीच्या आधी बिगर यत्ता, म्हणजे लोकांच्या तोंडी बिगरी. त्यापुढे पहिली, दुसरी अशा चढत्या इयत्ता. प्रत्येकीला ठरलेले क्रमिक पुस्तक, ठरलेले पाढे, ठरलेला नकाशा. वर्षाच्या शेवटी डेप्युटी इन्स्पेक्टर, खेड्यातले ‘दिपोटी’, येऊन परीक्षा घेत. आपापल्या वेगाने पुढे जाणारे मूल आता सगळ्या वर्गाबरोबर पास किंवा नापास होऊ लागले. राज्यकारभाराच्या सोयीतून आलेली ही चौकट इतकी रुजली की आज तिच्याशिवाय शाळेची कल्पनाही करता येत नाही.

क्रमिक पुस्तकांना आकार दिला मेजर टॉमस कँडी यांनी. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच जाते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखे पंडितही या खात्याच्या कामात होते. क्रमिक पुस्तक हे आतून अनेक विषयांचे गाठोडे असे : धड्यांत नीतिकथा, प्राण्यांची माहिती, थोडा इतिहास, थोडे विज्ञान आणि मधूनमधून कविता. भूगोल जवळून दूर जाई : आधी गाव आणि तालुका, मग जिल्हा, मग इलाखा, मग हिंदुस्थान. जवळून दूर जाण्याचा हा क्रम नंतरच्या प्रत्येक अभ्यासक्रमाने जवळजवळ जसाच्या तसा ठेवला.

या शाळांचा खर्च निघत होता तो मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्याच्या खिशातून. १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि त्याचा एक हिस्सा शाळांना मिळाला. पैसा रयतेचा आणि फायदा वरच्या जातींच्या मुलांना, हा जोतीराव फुल्यांचा आक्षेप होता. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेचा अभ्यास कसा असावा हेही स्पष्ट मांडले : मोडी आणि बाळबोध दोन्हींचे वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण ते कमी उपयोगाचे असता कामा नयेत, असा त्यांचा आग्रह होता. शेतीच्या धड्यांना जोडून छोटे नमुना शेत असावे हीही त्यांचीच सूचना. बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे असे ते म्हणाले. मराठीत अभ्यासक्रमावर जे विचार झाले त्यांत या काही परिच्छेदांचे स्थान फार वरचे आहे, कारण इथे प्रथमच शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला मध्यभागी ठेवून विषयांची यादी केली गेली. आयोगानेही देशी हिशेबपद्धती, मोजणी आणि शेती-आरोग्याशी निगडित विज्ञान यांना अधिक जागा देण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात बदल संथ झाले. शेवटची प्राथमिक परीक्षा, म्हणजे पुढे ‘मराठी सातवी’ किंवा ‘व्हर्नाक्युलर फायनल’, पास झालेल्या मुलाला तलाठी किंवा शाळामास्तर होता येई, त्यामुळे घरोघरी ओढा नमुना शेतापेक्षा त्या सर्टिफिकिटाकडे राहिला.

सक्तीचा प्रश्न संस्थानांनी आधी सोडवला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे १९११ चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात पुढच्या वर्षी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले; मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश मुंबई इलाख्यात १९१८ आणि १९२३ चे कायदे झाले आणि शाळा नगरपालिका व जिल्हा लोकल बोर्डांकडे आल्या. सक्ती आली की पुस्तकही बदलावे लागते, कारण आता वर्गात ज्यांच्या घरात कधी पुस्तक नव्हते अशी मुलेही बसतात. या दृष्टीने १९३० च्या दशकातल्या प्र. के. अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मोठा पल्ला गाठला. मुलांच्या बोलण्याला जवळची भाषा आणि समकालीन लेखक-कवी पाठ्यपुस्तकात आणून तिने शाळेतल्या मराठीवरचा शिक्षणखात्याचा जुना ताठरपणा उतरवला.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिथल्या विचारांना अभ्यासक्रमाचे रूप दिले. त्यात रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला होती : सूतकताई, शेती, सुतारकाम असा एखादा उद्योग. मातृभाषेला चाळीस मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला तीस. कवायतीला दहा आणि सुटी दहा मिनिटांची. टकळीवर काढलेल्या सुताची लांबी मोजताना गणित, कापूस कुठे पिकतो हे विचारताना भूगोल, असा विषयांचा मेळ अपेक्षित होता. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात मूलोद्योगी शाळा सुरू केल्या. कल्पना खोल होती, पण ती पेलण्यासाठी उद्योग आणि विषय दोन्ही जाणणारा शिक्षक हवा होता आणि तसे शिक्षक पुरेसे तयार झाले नाहीत. बऱ्याच शाळांत टकळी हा आणखी एक तास बनून राहिला. मूलोद्योगाचा वारसा आज ‘कार्यानुभव’ या विषयात दिसतो. मुलाच्या भोवतालातून शिकवण्याची हीच दिशा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी धरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात मोडी प्राथमिक शाळेतून गेली. दप्तरातला कागद वाचणारी पिढी तिच्याबरोबर संपत गेली. गणितातला मोठा बदल शिक्षणखात्यातून आलाच नाही, तो टाकसाळीतून आला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढच्या काही वर्षांत मण-शेर जाऊन किलोग्रॅम-लिटर आले. पावकी, निमकी, सवायकी यांचा व्यवहारातला आधार निघून गेला आणि काही वर्षांतच त्या उजळणीतूनही उतरल्या. त्यांची जागा दशांश अपूर्णांकांनी घेतली. जुनी माणसे मात्र दिडकी-अडीचकी पुढेही अनेक वर्षे तोंडी चालवत राहिली.

गोव्यात हा प्रवास वेगळा झाला. पोर्तुगीज अमलात सरकारी प्राथमिक शिक्षण पोर्तुगीजमधून चाले आणि मराठी शिकवण्याचे काम गावकऱ्यांच्या खाजगी शाळांनी सांभाळले. १९६१ च्या मुक्तीनंतर, विशेषतः दयानंद बांदोडकरांच्या सरकारने, गावागावांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि मुले थेट स्वतंत्र भारताच्या अभ्यासक्रमात आली.

महाराष्ट्रात २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे ‘बालभारती’, पुण्यात स्थापन झाले. खाजगी प्रकाशकांच्या वेगवेगळ्या वाचनमालांच्या जागी राज्यभर एकच पुस्तक आले. याचा परिणाम एका पिढीच्या आठवणींवर झाला : गडचिरोलीच्या आणि सिंधुदुर्गाच्या मुलांचे धडे तेच, कविता त्याच, चित्रेही तीच. १९७१ पासून मंडळाचे ‘किशोर’ मासिकही निघू लागले. तिसरीला आपल्या जिल्ह्याची ओळख आणि चौथीला शिवछत्रपतींचे चरित्र हा क्रम महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळेची खूण झाला. जिल्ह्याचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे असे, त्यात तिथल्या नद्या, पिके, रस्ते आणि ठिकाणे येत. चौथीचा इतिहास एका व्यक्तीच्या चरित्राभोवती गुंफला असल्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तो गोष्टीसारखा समजतो. इतिहास हा विषय एवढा आपला वाटावा असे दुसरे पुस्तक मराठी शाळेत झाले नाही. चौथीच्या वर्षाला आणखी एक ओळख होती, ती शिष्यवृत्ती परीक्षेची. पुढे २०१७ पासून ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीत घेतली जाऊ लागली.

जून २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीत सुरू होई. इंग्रजी शाळांकडे जाणाऱ्या मुलांचा ओघ थोपवणे हा त्यामागचा एक हेतू होता. विरोध झाला, पण निर्णय टिकला. बालशिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने पहिली ते पाचवीचे वर्ष आकड्यांत बांधले : किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. नापास करणे थांबले, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. एकोणिसाव्या शतकातल्या दिपोटीच्या परीक्षेने घडवलेली चौकट अशी एका बाजूने सैल झाली. मूल पुढच्या इयत्तेत जाणार हे तेव्हा ठरलेले असे, शिक्षकाने वर्षभर नोंदी ठेवायच्या. वर्ग मोठा असेल तर या नोंदी कागद भरण्यापुरत्या उरतात, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे.

२०१२ च्या अभ्यासक्रमाने तिसरी-चौथीला परिसर अभ्यासाचा कणा दिला. पाणी, अन्न, कुटुंब, नकाशा, वाहतूक, आरोग्य यांत विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र मिसळून शिकवायचे. चौथीचा शिवचरित्राचा भाग दुसऱ्या पुस्तकात. लहान वर्गांच्या कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणासाठी ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक आले. फुल्यांच्या यादीतली शेती आणि आरोग्य, वर्ध्याचा भोवताल आणि हात यांचे काही अंश या पुस्तकांत ओळखू येतात.

गणितावरची शेवटची मोठी चर्चा जून २०१९ मध्ये झाली. दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचनही दिले होते. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा आधी. लहान मुले इथे अडखळतात, हे त्यामागचे कारण गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितले. भाषा बिघडते म्हणून टीका झाली, विधिमंडळातही विषय गेला. पुस्तकात दोन्ही वाचने होती आणि जुने वाचन काढलेले नव्हते. दोनशे वर्षांपूर्वी उजळणीने जी संख्यानामे तोंडात बसवली होती त्यांच्याशी समाजाचे नाते किती घट्ट आहे, ते या वादात दिसले.

नव्या राष्ट्रीय धोरणानुसार २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलण्यास राज्यात सुरुवात झाली. त्याबरोबर पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला, पण राज्यभर विरोध झाल्यावर २९ जून २०२५ रोजी त्यासंबंधीचे शासन निर्णय मागे घेतले गेले आणि तिसऱ्या भाषेचा प्रश्न डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे सोपवला गेला.